एक्केचाळीस नंबरची टिटवी

४ जानेवारी

मामा,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत पाठ केलं होतं, आता आठवत नाही. तेव्हा नुसता नमस्कार. मी तुमच्या बहिणीची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी सात वर्षांची होते आणि माझे पुढचे दोन दात पडलेले होते. आता सगळे जागेवर आहेत.

तुमचा पत्ता संग्रहालयाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने दिला. "फोन करू नकोस, त्यांना ऐकू येत नाही. पत्र टाक," म्हणाला. हो, तुम्ही जिथे तीस वर्षं नोंदी लिहिल्यात त्याच संग्रहालयात मी गेल्या वर्षापासून कामाला आहे. मी तुम्हाला लिहितेय हे आईला ठाऊक नाही. आमच्या घरात तुमचा विषय निघत नाही. का निघत नाही, तेही कधी निघत नाही.

आता कामाचं. तुमच्या शंख-शिंपल्यांच्या नोंदवह्या बाहेरच्या माणसांकडून कॉम्प्युटरवर टाइप करून घेतल्या आहेत. त्या कुणालाही घरबसल्या बघता याव्यात म्हणून मी एक वेबसाइट तयार करतेय. त्यात आपल्या किनाऱ्याचा नकाशा आहे आणि प्रत्येक शंख म्हणजे त्या नकाशावर एक ठिपका. ठिपक्यावर माउस नुसता नेला, दाबायचंही नाही, की शेजारी एक छोटी चौकट उघडते आणि त्या शंखाची माहिती दिसते. माउस सरकला की चौकट गायब. त्या चौकटीत काय दिसावं, कुठल्या क्रमाने दिसावं, किती वेळाने उघडावं, हे सगळं ठरवणं हे सध्या माझं काम. जागा फक्त चार ओळींची आहे. शंखाचं नाव, कुठे सापडला, कधी सापडला, कोणी गोळा केला.

चौथ्या ओळीत घोडं अडलंय. सगळ्यात जास्त शंख कोणी गोळा केले ते मी मोजून पाहिलं. आधीचे संचालक, म्हणजे तुमचे मोठे साहेब, त्यांच्या नावावर चाळीस निघाले, आणि 'कित्ता' यांच्या नावावर एक हजार एकशे चौदा! मी लहानपणी कित्ता गिरवलाय, पण कित्ता नावाचे गृहस्थ कोण? आपल्याकडे त्यांचा साधा फोटोही नाही. पहारेकऱ्याला विचारलं तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "मामांना विचार."

वहीत आणखीही गमती आहेत. शंखांच्या मधोमध एक टिटवी घुसली होती. शंखाचं नाव नाही, काही नाही, नुसतं 'टिटवी'. ती मी पक्षी विभागाकडे हाकलली. तिथले पेंढा भरणारे काका आठवडाभर कपाटं उघडून ती टिटवी शोधतायत.

उत्तर पाठवाल ना?

तुमची भाची


११ जानेवारी

चिरंजीव भाचीबाई,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं उरकू.

पहिली गोष्ट. मामाला 'तुम्ही' म्हणायला मी काय तुझा सासरा आहे? सात वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून माझे केस ओढायचीस तेव्हा 'तुम्ही जरा हळू चाला' म्हणत नव्हतीस.

दुसरी गोष्ट. तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारीण विचारायला आली. कित्ता हे गृहस्थ नव्हेत, बाई. कित्ता म्हणजे वरीलप्रमाणे. वरच्या ओळीत जे लिहिलंय तेच खालीही समजावं, असं असेल तर कारकून पुन्हा पुन्हा सगळं लिहीत बसत नाही, 'कित्ता' लिहितो. टाइप करणाऱ्यांनी दिसलं ते टाइप केलं. माशीला माशी म्हणतात ती हीच.

आता तुझ्या चौकटीबद्दल. मला फार नवल वाटतंय. न दाबता उघडते, म्हणतेस. मग एखादा नुसता या टोकाकडून त्या टोकाला माउस घेऊन निघाला तर वाटेतले सगळे ठिपके उघडत सुटतील का? बाजारातून जाताना प्रत्येक दुकानदार 'या, बसा' करतो तसं होईल ते. जरा थांबेल त्यालाच माहिती मिळावी. आणि चौकट उघडते कुठे? ठिपक्याच्या अंगावर नको. ज्याची ओळख करून द्यायची त्यालाच झाकून उभं राहू नये.

आणि तुझ्या चार ओळींत माझा शेरा कुठे आहे? वहीतला शेवटचा रकाना. तीस वर्षं मी तो सगळ्यात बारीक अक्षरात आणि सगळ्यात मन लावून भरला.

एक सांगायचं राहिलं. ती टिटवी परत आण. पेंढेवाल्या काकांना म्हणावं, शोधू नका. का, ते विचारू नकोस.

तुझी आई बरी आहे ना? अजून शिवते का?

आशीर्वाद.

मामा


१६ जानेवारी

प्रिय मामा,

बरं, तू तर तू.

दुकानदाराचं पटलं. सेटिंगमध्ये आकडा बदलला, आता माउस अर्धा सेकंद थांबला तरच चौकट उघडते. ठिपका वर असेल तर चौकट खाली, खाली असेल तर वर. अंगावर कुठेच नाही. संचालकबाई दौऱ्यावरून परत आल्यात, त्यांनी स्वतः माउस फिरवून पाहिला आणि "आता त्रास देत नाही," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी.

पण कित्ताने डोकं खाल्लंय. तुझ्या वहीत ओळीखाली ओळ होती, म्हणून कित्ताला अर्थ होता. इथे प्रत्येक ठिपक्याची चौकट एकटी उघडते. तिच्यात 'वर' असं काही नाहीच. शिवाय टाइप केलेल्या ओळी किनाऱ्यावरच्या जागांप्रमाणे लावल्या आहेत, त्यामुळे कित्ता कुणाच्याही खाली जाऊन बसलाय.

संचालकबाईंचं म्हणणं सरळ आहे. पहिल्या चाळीस नोंदी मोठ्या साहेबांच्या, त्याखाली सगळीकडे कित्ता, म्हणजे सगळं साहेबांनीच गोळा केलं. "कित्ता काढ आणि साहेबांचं नाव भर." एक मार्चला वेबसाइट खुली होणार आहे, त्या दिवशी साहेबांना जाऊन सात वर्षं होतात. बाई त्यांच्या विद्यार्थिनी. मीही मान हलवली होती.

पण तू टिटवी परत आण म्हणालास म्हणून मी ती आणली (काका रागावले, त्यांनी सत्तावीस कपाटं पाहिली होती) आणि तिचा नंबर बघितला. एक्केचाळीस. चाळीसपर्यंत साहेब. बेचाळीसपासून कित्ता. आणि मधल्या ओळीत, 'गोळा करणारे' याच रकान्यात, टिटवी! शंखाच्या नावाच्या जागी 'ठरायचे आहे' असं होतं, म्हणून मला ती चुकून शिरलेली नोंद वाटली. पण आता तू शिकवलेल्या हिशोबाने कित्ता म्हणजे वरीलप्रमाणे, मग एक हजार एकशे चौदा शंख एका टिटवीने गोळा केले?

बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "पक्षी शंख गोळा करत नाहीत. कारकुनाची चूक असणार." मूळ वही बघावी तर ती बांधणीला गेलीय, फेब्रुवारीअखेर येईल.

मामा, टिटवी कोण?

आई बरी आहे. अजून शिवते. मान दुखते म्हणते आणि आणखी कपडे घेते.

भाची


२२ जानेवारी

चि. भाचीबाई,

कारकुनाची चूक, म्हणाल्या का? त्यांना सांग, तीस वर्षांत या कारकुनाच्या हातून एकच चूक झाली, आणि ती वहीत नाही.

तुझी वेबसाइट बघायला इथल्या वाचनालयात गेलो होतो. तू पत्रामागे लिहून दिलेला गुप्त शब्द ग्रंथपालबाईंनी टाकला. पण त्यांच्याकडे माउस नाही, पाटीएवढा सपाट पडदा आहे. ठिपक्यावर बोट धरून बसलो. काही नाही. बोट हवेत धरलं. काही नाही. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आजोबा, दाबा." दाबलं तर भलतंच पान उघडलं. तुझी चौकट काही मला दिसली नाही. माझ्यासारखे बिनमाउसचे लोक जगात पुष्कळ असतील, त्यांनी काय करायचं? हे विचारात घे.

शेरे टाइप झालेत का? झाले असतील तर दोनचार मला लिहून पाठव. बाकी काही विचारू नकोस. तब्येत ठीक आहे, कानांचं नाव काढू नये.

मामा


३० जानेवारी

प्रिय मामा,

तू फार पक्का आहेस. विचारलं एक, सांगितलंस पाटीचं. पण पाटीचं बरोबर होतं. बोटाला 'नुसतं वर नेणं' जमत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता असं केलंय की बोट एकदा टेकवलं की चौकट उघडते आणि दुसऱ्यांदा टेकवलं की पूर्ण पान. जाऊन बघ.

शेऱ्यासाठी पाचवी ओळ मिळवली. बाईंनी कुरकुर केली. आता शेरे वाच:

क्रमांक ६७: "ओहोटी. गुडघाभर पाणी, दात वाजत होते."

क्रमांक १९०: "काळ्या खडकामागे. अंगठ्याच्या नखाएवढा. आधी बटण वाटलं."

क्रमांक ३१२: "उलट्या गिरकीचा. बाकी सगळे उजवीकडे वळतात, हा एकटा डावीकडे. बसल्या जागी सापडला."

हा तीनशे बारा म्हणजे आपल्या संग्रहालयाचा मुकुटमणी, मधल्या दालनात त्याला वेगळं कपाट आहे. पण बसल्या जागी म्हणजे काय रे?

मामा, हे शेरे वाचताना मला कुणाचा तरी आवाज येत होता, कुणाचा ते कळेना. मग काल संध्याकाळी आई एका शर्टाला बटणं लावत होती. एक खाली पडलं. "कुठे गेलं? अंगठ्याच्या नखाएवढं आहे," म्हणाली. मी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "आई, टिटवी म्हणजे काय गं?"

तिचा हात थांबला. "पक्षी," म्हणाली. "दिवसभर किनाऱ्यावर धावतो आणि नुसता ओरडतो." मग सुईत दोरा असताना तिने पुन्हा दोरा ओवायला घेतला. सुईकडे बघतच म्हणाली, "मामाला पत्रं लिहितेस होय?"

मी ते पडलेलं बटण उचलून तिच्या हातात दिलं.

"लिही. पण माझं काही कळवायचं नाही."

म्हणून मी तुला काहीही कळवत नाहीये.

मामा, एक मार्चला फक्त महिना राहिलाय.

भाची


१३ फेब्रुवारी

मामा,

दोन आठवडे तुझं पत्र नाही. रागावलास का? की मी आईला विचारायला नको होतं?

बाईंनी आज सांगितलं, सगळ्या कित्तांच्या जागी साहेबांचं नाव भरलेली एक प्रत तयार ठेव. ठेवलीय. वेबसाइटवर चढवायला एकच बटण दाबायचं आहे. एकदा चढली की ती माहिती ज्याला हवी तो उतरवून घेणार, पुस्तकांत छापणार. मग मी मागाहून कितीही दुरुस्त केलं तरी बाहेर गेलेलं परत येणार नाही.

मला खरं काय ते माहीत असल्याशिवाय मी ते बटण दाबणार नाही. पण मी नाही दाबलं तर बाई दुसऱ्याकडून दाबून घेतील.

भाची


१७ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

रागावलो नव्हतो. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं, हे पोस्टात टाकूनच घरी येणार आहे.

टिटवी म्हणजे तुझी आई.

लहानपणी ती किनाऱ्यावर अशी धावायची आणि अशी ओरडायची की दुसरं नावच सुचलं नाही. मी एकटाच तिला तशी हाक मारत असे. माझं नाव तिने खेकडा ठेवलं होतं, कारण मी कधी सरळ चालत नाही. ते किती खरं होतं ते पुढे वाच.

तुझ्या जन्माच्या आधीपासून ती रोज सकाळी शिवणाला बसण्याआधी किनाऱ्यावर जायची आणि शंख गोळा करून आणायची. तिचं शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतंच होतं, पण नजर अशी की वाळूतून बरोबर वेगळा तोच उचलायची. शंखासोबत एक चिठ्ठी. कुठे, कसा, किती पाण्यात. मी ते सगळं संग्रहालयात नेऊन देत असे. मोठे साहेब हरखून जात. वाईट माणूस नव्हते ते, पण त्यांचा एक नियम होता की वहीत फक्त संग्रहालयाच्या माणसांची नावं जायची. "शिंपिणीचं नाव घातलं तर बाहेरचे विद्वान हसतील," म्हणाले. वरून म्हणाले, पहिल्या चाळीस माझ्या आहेतच, पुढे कित्ता लिही.

मी कित्ता लिहिलं. हुकूम मोडला नाही. फक्त चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये एक ओळ घातली. तुझ्या आईचं नाव लिहायची हिंमत नव्हती, नोकरी गेली असती. म्हणून टिटवी लिहिलं. साहेब प्रत्येक पानाच्या तळाशी सही करत, वर बघत नसत. त्यांना वाटे कित्ता म्हणजे ते. मला ठाऊक होतं कित्ता म्हणजे कोण. अकरा वर्षं मी रोज मनातल्या मनात हसत कित्ता लिहिलं. फार हुशारी केली असं वाटायचं.

मग मधल्या दालनात तो उलट्या गिरकीचा शंख मांडला. साहेबांनी खाली पाटी लावली, त्यांच्या नावाची. तुझी आई तुला घेऊन तो बघायला आली होती. पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगायला हवं होतं? की वहीत तू आहेस, पण पक्ष्याच्या नावाने आहेस, आणि एकाच ओळीत आहेस, आणि साहेब दहा पावलांवर उभे आहेत म्हणून मोठ्याने सांगता येत नाही? मी मान खाली घातली. ती तुझा हात धरून निघून गेली. त्यानंतर तिने एकही शंख आणला नाही, आणि माझ्याशी बोलली नाही.

ती समजते मी तिचं नाव खाल्लं. तेवीस वर्षं मला वाटतं की जाऊन सांगावं, आणि तेवीस वर्षं वाटतं की ती म्हणेल, 'टिटवी लिहिलंस? ही तुझी बहादुरी?' तर काय उत्तर देऊ. तीच ती चूक, जी वहीत नाही.

पुरावा मागतील. माझ्या म्हणण्याला काय किंमत? तळघरात जा. शंखांच्या खोक्यांत कापसाखाली बघ. मी चिठ्ठ्या फेकल्या नव्हत्या.

मामा


२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी संग्रहालयाच्या जिन्यात बसून वाचलं आणि तशीच तळघरात गेले. पहारेकऱ्याने किल्ली दिली, काही विचारलं नाही.

पहिला खण उघडला. खोकं, कापूस, शंख. कापूस उचलला. खाली घडी घातलेला कागद. "काळ्या खडकामागे. अंगठ्याच्या नखाएवढा." आईचं अक्षर, तिचा तो मोडका 'ख'. कागद उलटा केला आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. मागे लिहिलं होतं: 'छाती ३६, खांदा १५, खिसा डावीकडे.' ती मापांचे कागद वाया जाऊ देत नाही रे! अजूनही देत नाही, आमच्या घरी किराण्याची यादी कुणाच्या तरी कमरेच्या मागे असते.

संध्याकाळपर्यंत दोनशे खोकी उघडली. दोनशेच्या दोनशे चिठ्ठ्या, मागे मापं. एका टोपलीत घालून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्या चष्मा लावून एकेक वाचत गेल्या. "हे कुणाचंही असू शकतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या आईचं आहे." "तुझी आई आहे म्हणूनच मला जपून बघायला हवं," म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

मग एका चिठ्ठीशी त्या थांबल्या. पुढे शंखाचा मजकूर. मागे: 'संग्रहालयातली नवी मुलगी. बाही ढिली हवी, हात सारखा वरच्या खणात जातो. उंची कमी, पण मान ताठ.'

बाईंनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं, मामा. "तो पिवळा सदरा," म्हणाल्या. "माझ्या पहिल्या पगाराचा. असा सदरा मला पुन्हा कुणी शिवून दिला नाही. ती बाई तुझी आई?"

आज बांधणीवरून वहीही आली. एक्केचाळिसावी ओळ आम्ही दोघींनी मिळून वाचली. तुझ्या सगळ्यात बारीक अक्षरात आहे.

तेव्हा निर्णय असा. साहेबांच्या चाळीस त्यांच्याच राहतील. पुढचे सगळे कित्ता गेले, त्या जागी टिटवी. "पक्ष्याचं नाव चालेल का?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "वहीत आहे तेच राहू दे, पण कुणी पुन्हा पेंढा भरायला निघू नये, एवढं बघ." म्हणून मी चौकटीत आणखी एक चौकट बसवली. 'टिटवी' या शब्दावर माउस थांबला की दुसरी छोटी चौकट उघडते, तिच्यात आईचं पूर्ण नाव आणि खाली, 'शिवणकाम करणारी. अकरा वर्षं रोज सकाळी या किनाऱ्यावर.' दालनातली पाटीही बदलायला दिलीय.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. एक तारखेला तिला माझ्या खुर्चीवर बसवणार आहे. ती तेवीस वर्षांत त्या रस्त्याने गेलेली नाही, त्यामुळे कॉम्प्युटर घरी आणतेय. मला फार भीती वाटतेय, मामा. तिला आवडेल की ती उठून जाईल, काही सांगता येत नाही.

भाची


४ मार्च

खेकड्या,

वर 'दादा' असं लिहिणार होते मी, पण हात वळला नाही.

मुलीने एक तारखेला मला त्या यंत्रापुढे बसवलं आणि हातात तो उंदीर दिला. म्हणाली, काही दाबू नकोस, नुसता फिरव. फिरवला. मोठा किनारा होता, सगळा ठिपक्यांचा. एका ठिपक्यावर थांबले तर माझंच बोलणं लिहून आलं. गुडघाभर पाणी, दात वाजत होते. खाली टिटवी. दुसऱ्यावर गेले, तिथेही. मला वाटलं यंत्र बिघडलं. मुलगी म्हणाली, "नाही गं, तू आहेस." मग मी एकेक करत बसले. डाळ करपली. कुणी उठलं नाही.

तुझं पत्रही तिने वाचायला दिलं. तुला वाटत होतं की मी म्हणेन, टिटवी लिहिलंस, ही तुझी बहादुरी? तेच म्हणतेय. टिटवी लिहिलंस! माणसासारखं नाव लिहायला काय झालं होतं? आणि लिहिलं होतंस तर दाराशी येऊन सांगायला तुझे पाय मोडले होते? मी तेवीस वर्षं तो रस्ता सोडून बाजारात लांबून जाते. माझ्या गुडघ्यांचं काय झालं असेल त्याचा विचार कर.

काल मात्र त्या रस्त्यानेच गेले. दालनात जाऊन पाटी पाहिली. पाठीमागे एक लहान मुलगी आईला विचारत होती, टिटवी म्हणजे पक्षी ना? मी म्हटलं, हो.

पण तुझी वही चुकली आहे, आणि ते लिहायलाच मी बसले आहे. तीनशे बारा नंबर माझा नाही. विसरलास? त्या दिवशी तू ऑफिसचे बूट घालून माझ्यामागे खडकावर आला होतास. मी नको म्हणत होते. पाय सटकून जो बसलास तो थेट त्याच्यावर, आणि ओरडलास की काहीतरी टोचलं. मी हसून हसून पाण्यात बसले. बसल्या जागी सापडला असं मीच चिठ्ठीत लिहिलं होतं. तू तरीही माझ्याखाली कित्ता लिहून मोकळा झालास. तो शंख तुझा आहे. माझ्या नावावर नको. पाटीवरही नको, मी बाईंना सांगून आले आहे, त्या म्हणाल्या, हरकत नाही, तुमची मापं नेहमी बरोबर असतात.

मुलीकडून आत्ता दुरुस्त करून घेतलं. ३१२ वर आता 'खेकडा' येतं, आणि त्यावर थांबलं की तुझं पूर्ण नाव. तू वहीतही दुरुस्त करायला ये. आणि ३१३ वर पुन्हा टिटवी लिहायला विसरू नकोस, दादा. नाहीतर पुढचं सगळं कित्ता म्हणून तुझ्या नावावर जाईल.

शनिवारी सकाळी सातला ओहोटी आहे. बूट घालून येऊ नकोस.